दाबोळी की मोपा? गोव्याच्या दोन विमानतळांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात माझे तिकिटांचे छोटे ऑफिस आहे आणि घर पेडण्यात. तिकीट काढून हातात दिले की माझे काम संपले, असे लोकांना वाटते. खरे फोन त्यानंतर सुरू होतात. डिचोलीहून, सावंतवाडीहून, कधी थेट विमानतळाच्या दारातून, आणि बहुतेक रात्री जेवायला बसल्यावरच. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरे एकदाची लिहून ठेवतोय. वाचून झाल्यावरही फोन केलात तर उचलेन, पण तिकीट समोर घेऊन बसा.

तिकिटावर नुसते ‘गोवा’ लिहिले आहे. मग जायचे कुठे?

या एका प्रश्नापायी लोकांची विमाने चुकतात, म्हणून तो पहिला. गोव्यात चालू विमानतळ दोन आहेत. दक्षिणेला वास्कोजवळचा दाबोळी आणि उत्तरेला पेडणे तालुक्यातला मोपा, म्हणजेच मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तिकिटावर शहराच्या नावापाशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. शेवटचे अक्षर ‘आय’ असेल, म्हणजे जीओआय, तर दाबोळी. शेवटचे अक्षर ‘एक्स’ असेल, म्हणजे जीओएक्स, तर मोपा. फरक या एका अक्षराचा, पण रस्त्यावर तो साठेक किलोमीटरचा होतो. मध्ये झुआरी आणि मांडवी अशा दोन नद्या ओलांडायच्या. रस्ता मोकळा असला तरी दीड तास धरा. पर्वरीला वाहतुकीत अडकलात तर देवाचे नाव घ्या.

चूक माझ्याच घरात झाली आहे. गणेश चवथीनंतर आत्याला पुण्याला मुलाकडे जायचे होते. तिकीट मीच काढले आणि फोनवर सांगितले, “गोवा-पुणे काढलेय, सकाळी अकराचे.” तिला सोडायला निघालेल्या पुतण्याच्या डोक्यात एअरपोर्ट म्हणजे दाबोळी. डिचोलीहून गाडी सुटली ती तडक दाबोळीला. दारावरच्या जवानाने कागद पाहिला, त्या तीन अक्षरांवर बोट ठेवले आणि म्हणाला, “माताजी, ये तो मोपा का है.” तेव्हा पावणेदहा वाजले होते. आत्याने काय करावे? ट्रॉलीच्या कडेवर बसली, पिशवीतून नेवऱ्यांचा डबा काढला आणि जवानापुढेही धरला. त्याने घेतली नाही, हसला मात्र. दुसरे तिकीट माझ्या खर्चाने निघाले. तेव्हापासून प्रत्येक प्रिंटवर मी त्या तीन अक्षरांभोवती लाल पेनाने गोल करतो.

आणखी एक. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असेही तिकीट निघू शकते. स्वस्त पडते म्हणून लोक घेतात, आणि मग मोपाच्या पार्किंगमध्ये ठेवलेली गाडी आणायला निम्मा गोवा ओलांडतात. परतीचे अक्षरही पाहा.

एवढ्याशा गोव्यात दोन विमानतळ कशाला?

याचे उत्तर पोर्तुगिजांपासून सुरू होते. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा बाहेरच्या जगाशी संबंध राहावा म्हणून पोर्तुगीज सरकारने दाबोळीच्या पठारावर धावपट्टी बांधली आणि स्वतःची विमानसेवाही उभी केली. दाबोळी सुरू झाला १९५५ साली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. आज सिंधुदुर्गातून मोपाला येणारी गाडी त्याच पत्रादेवीवरून गोव्यात शिरते. स्मारक रस्त्यालगत आहे.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. तरीही रात्री खड्डे घाईघाईने बुजवून दोन पोर्तुगीज विमाने अंधारात कराचीला निसटली. मुक्तीनंतर, १९६२ मध्ये, विमानतळ नौदलाकडे गेला आणि आजही तो नौदलाचाच तळ आहे, आयएनएस हंसा. प्रवासी विमाने तिथे पाहुण्यासारखी उतरतात. त्यांच्यासाठीचा भाग भारतीय विमानतळ प्राधिकरण चालवते, पण धावपट्टीवर पहिला हक्क नौदलाचा. कामाच्या दिवशी सकाळच्या काही तासांत नौदलाचे सराव चालतात आणि प्रवासी उड्डाणांना जागा नसते. “दाबोळीहून सकाळी दहाचे तिकीट बघ ना” असे कोणी म्हणाले की मला हे सगळे सांगावे लागते.

पर्यटक वाढत गेले. मोपा होण्याआधीच दाबोळीवर वर्षाला ऐंशी लाखांहून अधिक प्रवासी येऊ लागले होते. नवा विमानतळ हवा हे सगळ्यांना मान्य होते, तो उत्तरेला की दक्षिणेला यावर मात्र कित्येक वर्षे भांडण चालले. मोपाची पायाभरणी २०१६ मध्ये झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केले आणि ५ जानेवारी २०२३ ला पहिले प्रवासी विमान उतरले, हैदराबादहून. नाव मनोहर पर्रीकरांचे.

आम्हा पेडणेकरांना यात आनंद आहे आणि सलही आहे. मोपाचा सडा, म्हणजे तिथले पठार, हे काजूच्या बागांचे आणि गुरे चरण्याचे. बाराजणच्या धनगर कुटुंबांना घरे सोडावी लागली. टर्मिनलच्या काचेतून धावपट्टी पाहून “इथे आधी काही नव्हते” असे कोणी म्हणाले, तर तेवढे खरे मानू नका.

मला कोणता जवळ पडेल?

पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरीचा बराचसा भाग, दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी यांना मोपा. मुरगाव, सासष्टी, केपे, काणकोण, सांगे यांना दाबोळी. फोंड्याहूनही दाबोळीच बरा. पणजीकरांचे मधल्यामध्ये होते: दाबोळी तीसेक किलोमीटर, मोपा पस्तीसेक. दोन्हीकडे पूल झाले आहेत. मांडवीवर २०१९ मध्ये अटल सेतू आला. झुआरीच्या नव्या पुलाची एक बाजू २०२२ च्या डिसेंबरात खुली झाली, दुसरी त्यानंतर वर्षभराने. त्यामुळे पणजीच्या माणसाने अंतर मोजत बसू नये, तिकिटाचा दर आणि विमानाची वेळ पाहावी.

मोपाला जाताना राष्ट्रीय महामार्ग ६६ वर धारगळला सुकेकुळणपाशी विमानतळाचा स्वतंत्र रस्ता फुटतो. जुन्या सवयीने गावातल्या अरुंद रस्त्यांनी जाऊ नका. चवथीच्या दिवसांत तिथे मखर घेऊन निघालेली टेंपो समोर आली की दोघांपैकी एकाला मागे जावे लागते.

किती वेळ आधी पोहोचायचे?

देशातल्या प्रवासाला दोन तास, परदेशच्या प्रवासाला तीन. बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर देशातल्या विमानासाठी सुटण्याच्या एक तास आधी बंद होते आणि विमानात चढायचा गेट साधारण पंचवीस मिनिटे आधी. तिकिटावर छापलेली वेळ विमान हलण्याची आहे. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससारखे धावत जाऊन मागून चढता येत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात आणि लांब सुट्टीच्या रविवारी संध्याकाळी अर्धा तास वाढवा.

मोपाला आत गेल्यावर काय कुठे आहे?

टर्मिनल एकच आहे. देशातले आणि परदेशातले प्रवासी त्याच इमारतीतून जातात, त्यामुळे मुंबईसारखे ‘टी-वन की टी-टू’ हे प्रकरण नाही. क्रम लक्षात ठेवला की हरवण्यासारखे काही नाही. दारावर तिकीट आणि ओळखपत्र, मग चेक-इनचे काउंटर, मग सुरक्षा तपासणी, मग आपला गेट. परदेशी जाणाऱ्यांना मध्ये इमिग्रेशन आणि कस्टम्स.

सामान स्वतः टाकायची यंत्रे आहेत. पडद्यावर पीएनआर घाला, निघालेली पट्टी बॅगेला चिकटवा आणि बॅग सरकत्या पट्ट्यावर ठेवा. बावचळलात तर बाजूला मदतीला माणूस असतो. फक्त हातात नेण्याची बॅग असेल आणि बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर काउंटरला जाण्याची गरजच नाही, सरळ सुरक्षा तपासणीकडे वळा.

इमारतीत एक गोष्ट जरूर पाहा. भिंतींवर जागोजागी आझुलेजू, म्हणजे पणजीच्या फोंतैन्यात घरांवर दिसतात तशा निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशा लावल्या आहेत. खाण्याचा भाग जुन्या गोवन कॅफेच्या धर्तीवर केला आहे आणि स्थानिक कारागिरांच्या वस्तूंसाठी बाजारासारखी जागा राखली आहे. आता खाणे. पाव-भाजी आणि चहा मिळेल, पण म्हापशाच्या बाजारातल्या भावात नव्हे. मी घरून चपाती-भाजीचा डबा नेतो. सुक्या डब्याला कोणी हरकत घेत नाही. पाण्याची रिकामी बाटली न्या, तपासणीनंतर नळावर भरून घ्या.

पहिल्या टप्प्यात मोपाची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची धरली होती आणि पुढे ती ३३० लाखांपर्यंत नेता येईल अशी आखणी आहे. तेव्हा पुढच्या वेळी गेलात आणि एखादी भिंत सरकलेली दिसली तर चकित होऊ नका.

आणि दाबोळीला?

तिथेही टर्मिनल एकच. जुन्या इमारतीत लोक खांद्याला खांदा लावून उभे असत. सध्याची मोठी इमारत २०१३ च्या डिसेंबरात सुरू झाली. क्रम वर सांगितला तोच. फरक मोकळेपणाचा आहे. मोपाला सड्यावर हवी तेवढी जागा, दाबोळीला एका बाजूला नौदल आणि दुसऱ्या बाजूला वस्ती. पण दाबोळीची एक सोय मला अजून आवडते: बाहेर पडून हमरस्त्यावर आलात की साधी बस मिळते.

विमानातून किंवा धावपट्टीवर फोटो काढले तर चालतात का?

दाबोळीला नाही. तो लष्करी तळ आहे, आणि तळाचे फोटो किंवा व्हिडिओ काढायला मनाई आहे. विमान उतरताना तशी सूचनाही देतात. समुद्र दिसला की हात शिवशिवतात हे खरे, पण मोबाइल खिशात ठेवा. मोपा नागरी विमानतळ आहे. टर्मिनलमध्ये फोटो काढा, फक्त सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनच्या जागा सोडून.

खोबरे, लोणचे, सुकी सुंगटां (कोळंबी), फेणी: काय न्यायचे आणि कशात?

मावशी आणि काकवांचा हा आवडता प्रश्न आहे, आणि भांडणाचाही.

सुके खोबरे: कुठेच नाही, ना हातातल्या बॅगेत, ना विमानाच्या पोटात जाणाऱ्या. खोबऱ्यात तेल असते आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत ते धोकादायक मालात मोडते. “पिढ्यानपिढ्या घरात माळ्यावर ठेवतो, कधी पेटले नाही” हा युक्तिवाद माझ्या आईने माझ्यासमोर करून पाहिला आहे. वाट्या तिथेच राहिल्या.

लोणचे: तोरांचे (कैऱ्यांचे) असो की मिरचीचे, चेक-इनच्या बॅगेत टाका. मिरचीचे लोणचे हातातल्या बॅगेत चालत नाही आणि बाकीचेही तेल सुटलेले असले की अडकते. बरणी नको. घट्ट झाकणाचा डबा, झाकणाखाली प्लॅस्टिक, वर दोन पिशव्या आणि मग जुना टॉवेल. ही शिस्त पाळली नाही तर मुलाच्या घरी पोहोचल्यावर साड्याही लोणच्याच्या होतात.

सुकी सुंगटां आणि खारवलेले मासे: हवाबंद करून चेक-इनला. वास बाहेर येत असेल तर कंपनी घ्यायला नकार देऊ शकते. ताजी मासळी न्यायची असेल तर कंपनीला आधी विचारा.

फेणी: काजूची असो की माडाची, चेक-इनच्या बॅगेत, आणि दुकानातली मूळ सीलबंद बाटलीच. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेल्या दारूला माणशी एकूण पाच लिटरची मर्यादा आहे. काकांच्या भट्टीची, थंड पेयाच्या बाटलीत भरून बूच घट्ट लावलेली फेणी कितीही अस्सल असली तरी जात नाही. जिथे उतरणार त्या राज्याचा कायदाही पाहा. गुजरातला जाणाऱ्याने हौस आवरावी. फेणीला भौगोलिक मानांकन २००९ मध्ये मिळाले आणि बेबिंका (थरांची गोवन मिठाई) व मानकुराद आंब्याला २०२३ मध्ये. या दोघांना कसलाच त्रास नाही. बेबिंका हातातल्या बॅगेत सुखाने जाते.

पॉवर बँक मात्र उलटी: ती हातातल्या बॅगेतच. चेक-इनमध्ये टाकलीत तर बॅग उघडायला तुम्हाला परत बोलावतात.

आई-बाबांना फार चालवत नाही. व्हीलचेअर मिळेल?

मिळते आणि फुकट मिळते. तिकीट काढतानाच सांगा, निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा. दारापासून विमानाच्या आसनापर्यंत माणूस सोबत येतो, आणि उतरल्यावर दुसरीकडेही. आपल्याकडची म्हातारी माणसे “मला काय झालेय, मी पडलोय का” म्हणून खुर्ची नाकारतात. मी त्यांना सांगतो की तुम्ही बसलात तर तुमच्या सुनेचे पाय वाचतील. सुनेच्या नावाने ऐकतात.

डिजी यात्रा घ्यावे का?

हे चेहरा ओळखून आत सोडणारे ॲप. महिन्यातून एकदा तरी जात असाल तर घ्या. दाबोळी आणि मोपा दोन्हीकडे चालते. आधार जोडून चेहरा नोंदवायचा, बोर्डिंग पास ॲपमध्ये चढवायचा आणि दारावर कॅमेऱ्याकडे पाहायचे. सक्ती नाही. तरीही ओळखपत्र खिशात असू द्या.

विमानतळावरून घरी कसे यायचे?

कदंबच्या बसगाड्या मोपाहून पणजी, मडगाव आणि कळंगुटकडे जातात. विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित. सामान कमी असेल आणि घाई नसेल तर मी हीच सांगतो. वेळापत्रक निघायच्या दिवशीच पाहा, कारण रात्री उशिरा उतरणाऱ्यांची यात पंचाईत होते.

टॅक्सीला ओला-उबर शोधू नका, गोव्यात ती चालत नाहीत. गोवा माइल्सचे ॲप आहे आणि आगमनाच्या बाजूला टॅक्सीचे काउंटर आहेत. पावती तिथेच घ्या, मग गाडीत बसा. बाहेर हळूच “कुठे जायचे?” विचारणाऱ्याशी घासाघीस करायची तर करा, पण आधी काउंटरवरचा दर विचारून या. टॅक्सीवाल्यांची आणि दरांची बाजू गुंतागुंतीची आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचीच पोरे आज स्टिअरिंगवर आहेत, तेव्हा मी कोणाला नावे ठेवत नाही.

दाबोळीहून वास्को चारेक किलोमीटर. हमरस्त्यावर खासगी बस मिळतात, वास्कोला बदलून पणजी किंवा मडगाव गाठता येते.

रेल्वे जोडून घेता येईल का?

मोपाला कोकण रेल्वेचे पेडणे स्टेशन जवळचे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. थिवी थोडे लांब असले तरी जास्त उपयोगी. दाबोळीसाठी वास्को किंवा मडगाव. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा रेल्वे आणि विमान यांच्यात तीन तासांहून कमी अंतर ठेवू नका.

विमानाला उशीर झाला तर कंपनीने काय द्यायला हवे?

अडीच तासांपर्यंतचे उड्डाण असेल आणि दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तास. तुम्ही वेळेत चेक-इन केलेले असले पाहिजे, एवढीच अट. काउंटरवर शांतपणे मागा. जुलैच्या झोडपणाऱ्या पावसात तर हे पाठच असू द्या.

भाऊ परदेशी बोटीवर कामाला आहे, जाता-येता मुंबईला विमान बदलतो. सामान कुठे मिळेल?

जाताना बॅगेला शेवटच्या ठिकाणाचा टॅग लागला आहे का हे गोव्यातच विचारून घ्यायचे. येताना मात्र भारतात जिथे पहिल्यांदा उतरेल, म्हणजे मुंबईला, तिथे इमिग्रेशन, बॅग उचलणे, कस्टम्स आणि पुन्हा बॅग देणे, हे सगळे होते. म्हणून मुंबईत चार तासांहून कमी वेळ ठेवलेले तिकीट मी काढत नाही. ग्राहक रागावतात, रागावू देत.

विमानाला पाच तास आहेत. जवळ बघण्यासारखे काय?

दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे, १९९८ पासून. सी हॉक, अलिझे आणि थोरले सुपर कॉन्स्टेलेशन उघड्यावर उभे आहेत. पोरांना हलवणे कठीण जाते. सोमवारी बंद. मोपाला असाल तर पेडण्याच्या भगवतीचे दर्शन घेऊन या. देवळासमोरचे दोन दगडी हत्ती पाहा, आणि गर्दी नको असेल तर कोजागरीच्या सुमारासची पुनवेची जत्रा टाळून या.

चिपी विमानतळ मोपाच्या बदल्यात चालेल?

मालवण, वेंगुर्ले, कुडाळच्या लोकांना चिपी घराजवळ, तो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. उड्डाणे मोजकीच, म्हणून तिथे तिकीट मिळाले तर घ्या, नाहीतर मोपा.

सोडायला आलेल्यांना आत येता येते का?

नाही, तिकीट असलेल्यालाच. निरोप बाहेरच. आत्याचे दुसरे तिकीट मोपाचे होते तेव्हा मी स्वतः सोडायला गेलो. दारातून आत गेल्यावर तिने वळून हात केला आणि काचेपलीकडून मोठ्याने काहीतरी विचारले. ऐकू आले नाही. दोन मिनिटांनी फोन वाजला: “अरे, हा मोपाच ना?”